बटण मी दाबलं, बिरू

तुझ्या शोकसभेत सगळ्यात नीच भाषण माझं झालं.

तू असतास तर मागच्या रांगेत मान खाली घालून हसला असतास, आणि बाहेर आल्यावर म्हणाला असतास, "संजू, निदान कोट तरी काढून बोलायचं हुतंस." कोट मी घातला होता. हॉलमधले पंखे गरम हवाच फिरवत होते, लोक रुमालाने मान पुसत होते, आणि मी तुझ्या फोटोला हार घालून, कोटाची बटणं लावून माइकसमोर उभा राहिलो.

माझ्या आधी नर्सिंग कॉलेजचे अध्यक्ष बोलले. व्यासपीठावर त्यांनी माझ्या कानाला लागून विचारलं, "आडनाव काय हो त्यांचं?" मी सांगितलं. मग ते उठले आणि म्हणाले, "बिरूजी म्हणजे आपल्या ग्रामीण भागाला लाभलेलं संगणकरत्न." बिरूजी! ह्याच माणसाने तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या केबिनमध्ये तुझ्या तोंडावर काय म्हटलं होतं, ते तुला आठवतं आणि मला आठवतं. त्यांना आठवत नाही. अशा माणसांना स्वतःचं बोललेलं कधीच आठवत नाही, म्हणून तर ती अध्यक्ष होतात. दोन मिनिटं स्तब्धता सुरू असताना त्यांचा फोन वाजला आणि तो त्यांनी उचलला.

त्यांच्यानंतर मी. मी म्हणालो, "बिरूचा सर्वांत मोठा गुण म्हणजे चूक कबूल करण्याचं धाडस. वेबसाइट हलवताना एकदा त्याच्याकडून गंभीर चूक झाली. पण तो लपला नाही. घरोघरी जाऊन त्याने माफी मागितली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! पहिल्या रांगेत सुमनवहिनी बसल्या होत्या. बाकीच्या बायका पदरात तोंड घालून होत्या. वहिनी सरळ माझ्याकडे बघत होत्या.

ती चूक तुझी नव्हती. त्या हॉलमध्ये हे एकट्या मला माहीत आहे, असं मला वाटत होतं.

तू कसा गेलास, कुठल्या दवाखान्यात नेलं, किती वाजले होते, ते इथं लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि जो तो आपापल्या परीने सांगतोय. जे कुणी सांगत नाही, तेवढंच लिहितो.

आपला धंदा तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्याला सांगायला हवा. आपण लोकांच्या वेबसाइट बनवायचो. डॉक्टर, शाळा, ट्रॅक्टरचं शोरूम, डाळिंबाची रोपवाटिका. वेबसाइट हवेत राहत नाही, ती कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर जागा घेऊन ठेवावी लागते. ह्या जागेला होस्टिंग म्हणतात. जागा खराब निघाली की सगळं बाडबिस्तार उचलून दुसऱ्या कंपनीकडे न्यावं लागतं. ते उचलायचं काम तुझं. माझं काम गिऱ्हाईक आणायचं, चहा पाजायचा आणि जमणार नाही ते 'जमेल' म्हणून सांगायचं. खताच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांवर मी जेव्हा 'ग्लोबल' नावाचा बोर्ड लावला, तेव्हा तू खाली रस्त्यावर उभा राहून वर बघत विचारलंस, "ग्लोबल म्हंजी कुठवर? भिगवणपतोर का?"

तू काही देवमाणूस नव्हतास. शोकसभेत तुला देव केलं, म्हणून सांगतो. तू फोन उचलायचा नाहीस. रुसलास की तीन-तीन दिवस बोलायचा नाहीस आणि मुद्दाम माझ्याच टेबलाकडे पाठ करून बसायचास. कच्चा कांदा खाऊन कीबोर्डवर बोटं चालवायचास. त्या डॉक्टरांना तू म्हणालास, "पेशंट तपासायच्या आधी सायेब, तुमी पासवर्ड तपासा." ते गिऱ्हाईक मला परत आणायला दोन महिने लागले. पण तू वेबसाइट हलवलीस आणि एखादी गोष्ट मागे राहिली, असं कधी झालं नाही. एकदाही नाही.

ती तुझी पद्धत कुठून आली, हे तू मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतंस. तुमच्या कळस गावच्या घरात तुझ्या वडिलांपर्यंत मेंढरं होती. तात्या मेंढरं घेऊन लांबवर जायचे, आणि तू लहानपणी त्यांच्याबरोबर होतास. तळ हलवायचा म्हणजे तीन कामं, तू बोटांवर मोजून दाखवलीस. आदल्या दिवशी एकाने पुढे जायचं, पाणी बघायचं, शेतवाल्याशी बोलायचं. मग वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची ती जाळी, गुंडाळायची आणि कळप न्यायचा. आणि एकाने जुन्या तळावर मागे राहायचं. "कशाला?" मी विचारलं होतं. "सगळं तर नेलं ना?"

"न्हेलं असं आपल्याला वाटतं," तू म्हणालास. "एखादं कोकरू झुडपाखाली झोपल्यालं असतं. एखादी मेंढी वाटंतनं मागं फिरती. ती नव्या जागंवर येत न्हाय संजू, तिला जुनीच जागा ठावं असती. तितं येऊन वरडत बसती. तितं कुणी नसलं तर मग लांडगा हायेच."

वेबसाइटचंही तसंच असतं, हे मला तुझ्याकडून कळलं. नवी जागा सुरू केली तरी कित्येकांचे फोन आणि कॉम्प्युटर दोन-तीन दिवस जुनाच पत्ता धरून बसतात. त्यांचे मेल, त्यांनी भरलेले फॉर्म जुन्या जागेवर जाऊन पडतात. म्हणून तू जुनं होस्टिंग सात दिवस चालू ठेवायचास आणि रोज सकाळी तिथं जाऊन बघायचास, काही आलंय का. आलेलं उचलून नव्या जागी नेऊन ठेवायचास. ह्याला तू 'मागं राहणं' म्हणायचास.

आणि मी ह्याची टिंगल करायचो. आपण दोघं असताना केली असती तर वेगळं. मी गिऱ्हाइकांसमोर करायचो. "आमचा बिरू वेबसाइटलासुद्धा वाघर लावतो." लोक हसायचे. तूही हसायचास. ते तुझं हसणं आज आठवतं तेव्हा मला माझ्या तोंडाची किळस येते.

मग ती नवी कंपनी आली. आली म्हणजे फोनवर एक गोड आवाज आला. "सर, एका क्लिकमध्ये सगळं हलेल. एक मिनिटसुद्धा बंद राहणार नाही. सर, तुमच्यासारखे पार्टनर आम्हाला हवेत." त्या आवाजाने बारामतीचा उच्चारही नीट केला नव्हता. तरी मी विरघळलो, कारण पुढे ती बाई म्हणाली की महिनाअखेरपर्यंत सगळ्या वेबसाइट त्यांच्याकडे आल्या आणि जुनं खातं बंद झालं, तर आपल्याला 'सुवर्ण भागीदार' करतील. काचेचं मानचिन्ह, त्यावर कोरलेलं नाव, आणि त्यांच्या वेबसाइटवर माझा फोटो.

बिरू, मी एका काचेच्या तुकड्यासाठी केलं. पैशासाठी केलं असतं तर निदान लोकांना समजलं असतं. आमच्या चुलत्यांच्या दिवाणखान्यात ढाली आणि सन्मानचिन्हांचं एक कपाट आहे, सोसायटीचं, पतसंस्थेचं, कुस्त्यांच्या मैदानाचं. लहानपणापासून मी ते कपाट बाहेरून बघत आलो. मला शाळेत तिसरा नंबरसुद्धा कधी मिळाला नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, दोन पोरांचा बाप, आणि त्याला कपाटात ठेवायला एक वस्तू पाहिजे होती.

तू सगळ्या वेबसाइट एकेक करून हलवल्यास. नर्सिंग कॉलेजची शेवटी राहिली. तिथं प्रवेशाचे फॉर्म चालू होते. तू म्हणालास, "प्रवेश संपू दे. मग हलवू. हलत्या कळपाला हात लावू नगं."

"महिना संपतोय," मी म्हणालो.

"संपू दे की. महिना काय परत यीत न्हाय का?"

मी ऐकलं नाही. बुधवारी तू ती हलवलीस. गुरुवारी कळसहून फोन आला की तात्या पडले, हात मोडला. निघताना तू दारातून परत आलास आणि म्हणालास, "जुनं सात दिवस चालू ठेव. मी हितं नसलो तरी फोनवरनं बघतो. मागं मी हाय."

"जा रे," मी म्हणालो. "मी आहे ना."

शुक्रवारी दुपारी तो गोड आवाज पुन्हा आला. "सर, तुमचं फक्त जुनं खातं बंद व्हायचं राहिलंय. आज झालं तर यादीत नाव जातंय." मी जुन्या कंपनीचं पान उघडलं. त्या मशीनने मला दोनदा विचारलं. सगळं कायमचं पुसलं जाईल, नक्की का? पुन्हा विचारलं, नक्की का? एका निर्जीव मशीनला जेवढी काळजी वाटली तेवढी मला वाटली नाही. मी बटण दाबलं आणि खालून चहा मागवला. तुला सांगितलं नाही. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा तात्यांच्या हाताची चौकशी केली.

पुढचं तुला माहीत आहे. बुधवार ते शुक्रवारच्या मधे, तात्यांच्या धावपळीत तुला जुन्या जागेवर बघायला सवड मिळाली नव्हती तेव्हा, सात मुलींनी फॉर्म भरले होते. त्यांच्या फोनवर पावत्या आल्या होत्या. पावती जुन्या जागेने दिली होती, फॉर्म जुन्या जागेवर पडले होते, आणि जुनी जागा मी पुसून टाकली होती. प्रवेशाची यादी लागली. सात जणींची नावं कुठंच नव्हती. हातात पावती, आणि कॉलेज म्हणतंय तुम्ही अर्जच केला नाही. जागा भरल्या होत्या.

अध्यक्षांनी बोलावलं. त्यांच्या केबिनमध्ये आपण दोघं उभे होतो. बसा कुणी म्हणालं नव्हतं.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

टेबलावर पाण्याचा ग्लास होता, त्यावर झाकण होतं. मी त्या झाकणाकडे बघत राहिलो. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. एकदाच. मग म्हणालास, "साइट हलवायचं काम माझं हाय, सायेब."

खोटं तू काहीच बोलला नाहीस. काम तुझंच होतं.

"मेंढरं वळणाऱ्यांच्या हातात कॉम्प्युटर दिल्यावर दुसरं काय होणार?" अध्यक्ष म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, म्हणजे मी त्यांच्या बाजूचा आहे असं धरून. आणि ते बरोबर होतं. मी त्यांच्याच बाजूचा निघालो. मी म्हणालो, "साहेब, मी बघतो त्याच्याकडे."

मी आयुष्यात पुष्कळ वाईट बोललो असेन, पण ह्या तीन शब्दांच्या खाली दुसरं काही नाही. मी बघतो त्याच्याकडे!

परत येताना गाडी तू चालवत होतास. कालव्याचा पूल आला. पुलावर मी म्हणालो, "जुन्या कंपनीनेच बंद केलं असणार. चोर आहेत साले." तू म्हणालास, "असंल." थोडं पुढे गेल्यावर म्हणालास, "च्या घ्यायचा का?" आपण चहा घेतला. मला वाटलं, सुटलो.

त्या आठवड्यात तू कॉलेजातून त्या सात मुलींचे पत्ते आणलेस. मी तुझ्यावर ओरडलो होतो, आठवतंय? "कशाला जातोस? इंटरनेटचा प्रॉब्लेम झाला म्हणायचं आणि सोडून द्यायचं!"

"आन प्रॉब्लेम जाईल का त्यांच्या दारात?" तू म्हणालास. "कुणाला तरी जायाच पायजे."

"मग चूक आपली आहे असं तरी म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? त्या पोरींची हाय?"

तू शेळगावला गेलास, लोणी भापकरला गेलास, आणखी कुठं कुठं गेलास. मी ऑफिसात एसी लावून बसलो. परत आल्यावर तू डबा उघडलास, भाकरीचा तुकडा मोडलास आणि म्हणालास, "एका ठिकाणी म्हातारीनं च्या दिला. एका ठिकाणी कुत्रं सोडलं." आणखी काही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

मानचिन्ह आलं. ते मी आपल्या दोघांच्या मधल्या टेबलावर ठेवलं. तू त्याच्यावर ओला रुमाल वाळत घालायचास. मला राग यायचा. "अरे, पुरस्कार आहे तो!" "मग?" तू म्हणायचास, "रुमालबी धुतल्याला हाय." त्या कंपनीचं होस्टिंग सहा महिन्यांत कुजलं. वेबसाइट बंद पडायच्या, फोनवर गोड आवाजाऐवजी नुसतं संगीत वाजायचं. माझा फोटो त्यांनी कधीच लावला नाही. तुझ्या हसण्याच्या भीतीने मी पुन्हा हलवायचं नाव काढलं नाही. आणि तूही काढलं नाहीस.

तू गेल्यावर, शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, वहिनी कळसहून एसटीने आल्या. जिना चढून दम लागला होता. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. पिशवीतून एक वही काढली. शाळेची शंभर पानी, कोपरे दुमडलेली.

"ही तुमच्या कामाची हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात हिचं काय काम?"

"पाणी तरी घ्या, वहिनी."

"गाडी हाय माझी," म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

एका वेबसाइटला एक पान. प्रत्येक पानावर तीन ओळी. पुढं बघितलं. न्हेलं. मागं राहिलो, सात दिवस. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. पान उलटत गेलो, सगळीकडे तीन खुणा. नर्सिंग कॉलेजच्या पानावर दोन. तिसऱ्या ओळीपुढे तुझ्या त्या ठेंगण्या अक्षरात लिहिलं होतं, "शुक्रवार दुपारी संजूने बंद केलं. सांगितलं न्हाय."

तुला त्याच दिवशी कळलं होतं. कळणारच. खातं बंद झाल्याचा मेल जातो, त्यात कुणी केलं आणि किती वाजता केलं ते असतं, आणि त्या खात्यावर पत्ते आपल्या दोघांचे होते. वीस वर्षं ह्या धंद्यात घालवलेल्या, स्वतःला ग्लोबल म्हणवणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही. गुन्हासुद्धा मला नीट करता आला नाही.

म्हणजे केबिनमध्ये तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुला माहीत होतं. पुलावर 'असंल' म्हणालास तेव्हाही. तीन वर्षं शेजारच्या टेबलावर बसलास, डब्यातली चटणी मला दिलीस, माझ्या पोरीच्या वाढदिवसाला आलास. बिरू, मला तुझा राग येतो. एक शिवी द्यायची होतीस. कॉलर धरायची होतीस. मी कोकरू नव्हतो, चांगला दांडगा माणूस होतो, मला मार सोसला असता. तू गप्प राहिलास ते दयेने, की तुला मी भांडायच्याही लायकीचा वाटलो नाही? दुसरंच असावं, असं मी धरून चाललो होतो. मी तुझ्या जागी असतो तर तसाच वागलो असतो.

वहीच्या त्याच पानावर खाली सात नावं होती, गावांसह. सहा नावांपुढे वेगळ्या शाईने, पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची खूण होती. सातवं नाव मनीषा, शेळगाव. तिच्यापुढे त्याच दुसऱ्या शाईने लिहिलं होतं, "लग्न ठरलं. मी उशिरा गेलो."

मी उशिरा गेलो. हे तू लिहिलंस. तू!

पहिल्यांदा मी अध्यक्षांकडे गेलो. तिथं जाणं सोपं, तिथं एसी आहे. सगळं सांगितलं. त्यांनी दात कोरत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता कशाला उकरताय? गेलेल्या माणसाच्या नावावर राहू द्या की. त्याला काय फरक पडतो?" आणि वर म्हणाले, "तुमचा धंदा आहे, बायकापोरं आहेत." खरं सांगतो, एक क्षण मला बरं वाटलं. जिन्यावरून उतरताना मी शीळ घातली. अर्ध्या जिन्यात ती माझी मलाच ऐकू आली.

रविवारी लोणी भापकरला गेलो. वहीतलं पहिलं नाव तिथलं होतं, अश्विनी. तिचे आजोबा ओट्यावर दोरी वळत बसले होते.

"कोण पाव्हणं?"

"बारामतीहून आलोय, आबा. बिरूच्या ऑफिसातला."

"बिरूसरांचं माणूस व्हय! मग उन्हात का हुबं? या की वर. ए अश्विनी, पानी आन गं."

मी लोकांना नेहमी 'माझ्या ऑफिसातला बिरू' असं सांगत आलो. तिथं मी तुझा माणूस होतो, आणि तेवढ्यावर मला सावली आणि पाणी मिळालं. तू गेल्याचं सांगितलं तेव्हा आबांनी दोरी खाली ठेवली. अश्विनी चौकटीला टेकून उभी राहिली. मग मी बाकीचं सांगितलं. जुनी जागा मी पुसली, बिरूने नाही. त्याने फक्त अंगावर घेतलं.

आबांनी अश्विनीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी हिचं वरीस तुमी घालवलं."

"हो."

"आन माफी मागायला ते आलते."

"हो."

"मग तवा तुमी कुठं हुता?"

"ऑफिसात."

"बसून?"

"बसून."

आबांनी मान हलवली आणि दोरी पुन्हा हातात घेतली. मला कुणी हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

अश्विनी म्हणाली, "दुसऱ्या वर्षी सर परत आले. फॉर्म ह्याच ओट्यावर भरला. पावती आली तरी उठंनात. कॉलेजला फोन लावला, तिथल्या बाईंना माझं नाव यादीतनं वाचून दाखवायला लावलं. दोनदा. मग पाणी प्याले."

मी म्हणालो, "मला माफ कर, बाळ."

"मी करीन हो. माझं झालं, दुसऱ्या वर्षाला हाय मी," ती म्हणाली. "मनीषाला कोण इचारणार?"

मनीषाच्या सासरी मी अजून गेलो नाही. तिथं जाऊन कुणाला काय सांगायचं, तिला माझ्या सांगण्याने आणखी त्रास तर होणार नाही, असे चांगले चांगले विचार करतोय. भित्र्या माणसाला विचार फार सुचतात. 'जाणार आहे' असं लिहिलं की गेल्यासारखं वाटतं, म्हणून तेही लिहीत नाही.

तिथून कळसला गेलो. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. तात्या आत खाटेवर होते, त्यांना नीट ऐकू येत नाही. मी पायरीवर बसलो. चपला काढल्या, पुन्हा घातल्या. शेवटी म्हणालो, "वहिनी, शोकसभेत मी खोटं बोललो. ते बंद मी केलं होतं."

त्यांचा हात ताटात थांबला नाही. "ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्याच शुक्रवारी सांगितलंवतं त्यांनी. हितंच बसून."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत! तोही बोलला नाही! तीन वर्षं!"

"मी भांडले की त्यांच्याशी. म्हणलं, तोंडावर सांगा त्याला. लोक तुमाला बोलत्यात, आन तुमी कसली वाट बघताय? तर म्हणले, संजू यील. सोताच्या पायानं यील. समदी काय कळपाबरुबर येत न्हाईत, काही मागनं येत्यात." एक खडा त्यांनी बाजूला टाकला. "लई उशीर केला भावजी तुमी."

"हो," मी म्हणालो.

"च्या ठिवते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

बिरू, त्या कंपनीकडून सगळ्या वेबसाइट मी ह्या आठवड्यात दुसरीकडे नेल्या. एकट्याने. तू एका सकाळीत करायचास त्याला मला दोन दिवस लागले, आणि ट्रॅक्टरवाल्याचे फोटो तीन वेळा हरवले. मानचिन्ह तुझ्या टेबलावर आहे, त्यावर तुझा रुमाल आहे. हा मजकूर आपल्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावलाय, नव्या जागेवर आणि जुन्याही. दोन गिऱ्हाइकांनी फोन करून 'आमची साइट काढून घ्या' म्हणून सांगितलं. एकाने विचारलं, "डोकं फिरलंय का तुमचं?" अध्यक्षांचा फोन मी उचलला नाही. ते तुझ्याकडून शिकलो.

जुनं सुरू आहे. आज चौथा दिवस. सकाळी तिथं एक मेल येऊन पडला होता, शेळगावच्या कुणाचा तरी, ट्रॅक्टरच्या टायरची चौकशी. उचलून नव्या जागी नेऊन ठेवला. तुझ्या वहीतलं पुढचं कोरं पान घेतलंय आणि तीन ओळी लिहिल्यात. पहिल्या दोन ओळींपुढे खूण केली आहे. तिसरीपुढे केलेली नाही. अजून तीन दिवस आहेत.